एकेचाळीस पॉइंट आठ

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या उष्णता विभागात चित्रकलेच्या बाई गेल्या. साडेअकराला त्यांची फाइल माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिच्यातली भुलेच्या मॉनिटरमधून छापून निघालेली पट्टी गायब होती. क्लिप होती, क्लिपखाली कागदाचा फाटका कोपरा होता, पण पट्टी नव्हती.

मी इथे बावीस वर्षं फॉर्म भरते. पेशंट आला की आधी माझ्यासमोर बसतो. वय काय, आधीचे आजार कोणते, घरात कुणाला काय झालं होतं, कशाचं वावडं आहे, दात खरे की बसवलेले, सगळं मी विचारते. मला सगळे फॉर्मताई म्हणतात. चित्रकलेच्या बाई शाळेत शिकवायच्या, वय सेहेचाळीस, पोटात गाठ. मागच्या आठवड्यात माझ्याशी बोलता बोलता त्यांनी माझ्याच फॉर्मच्या कोपऱ्यात माझं नाक काढलं होतं. चांगलंच आलं होतं मेलं.

आमच्याकडचा उपचार सांगायला सोपा आहे. कॅन्सरच्या पेशींना ताप सोसत नाही, निरोगी पेशींना थोडा वेळ सोसतो. म्हणून पेशंटला भूल द्यायची, गरम हवेच्या तंबूत निजवायचं, अंगाचा ताप एकेचाळीस पॉइंट आठपर्यंत चढवायचा, तासभर तिथेच धरायचा आणि मग हळूहळू उतरवायचा. आमचे सर नऊ वर्षं यावर संशोधन करतायत. आकडा इकडचा तिकडे झाला की जीवाशी खेळ. त्या दिवशी ताप चव्वेचाळीसला टेकला.

तंबूचं यंत्र चालवतो तो पॉइंट. चाळिशीचा माणूस, दोन मुलींचा बाप. दिवसभर 'एकेचाळीस पॉइंट आठ, एकेचाळीस पॉइंट सहा' असा जप चालतो, म्हणून पॉइंट. पेशंट तापून मेली म्हटल्यावर खापर कुणावर फुटणार हे शेंबड्या पोराने सांगितलं असतं. सरांनी दुपारीच जाहीर केलं, की शनिवारी समिती बसेल, आणि यंत्र चालवणाऱ्याची चूक ठरली तर कागद त्याच दिवशी पोलिसांकडे जातील.

पॉइंट जिन्याखालच्या बाकावर बसला होता. मी पाणी दिलं, त्याने ते हातात धरून ठेवलं.

"तू यंत्र बंद केलं होतंस ना रे?" मी विचारलं.

"केलं होतं," तो म्हणाला. मग पाण्याचा पेला बाकावर ठेवला. "बहुतेक."

२

चौकशीसाठी बाहेरून एक बाई आल्या बुधवारी. निवृत्त भूलतज्ज्ञ, सत्तरीच्या, बारीक कापलेले पांढरे केस, आणि आवाज असा की बंद दाराआडूनही ऐकू यावा. मदतीला म्हणून सरांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. मी काही खूश वगैरे झाले नाही. मंगळवारपासून मला कशाचं काही वाटतच नव्हतं. चहा कडू का गोड तेही कळत नव्हतं. दाताला भूल दिल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा लागतो, तशी सगळीच मी झाले होते.

बाईंनी आधी माझा फॉर्म मागितला.

"हे नाक कुणाचं?"

"माझं."

"बरं काढलंय. आणि 'घरात कुणाला भुलेचा त्रास' इथे 'काकू' लिहून खोडलंय, पुढे 'नाही'. ते काय?"

"त्यांची काकू एका ऑपरेशनमध्ये गेली होती, त्या लहान असताना. पण काकू म्हणजे लग्नाचं नातं. फॉर्मला फक्त रक्ताची माणसं लागतात." आणि मी थोडी फुशारकीही मारली, लपवत नाही. "मूळ फॉर्म परदेशी, इंग्रजी. त्यांच्या भाषेत मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळे त्यांना दहा प्रश्न विचारावे लागतात. आपल्याकडे नात्याच्या शब्दातच सगळं आलं. आत्या, मावशी ठेवायच्या. काकू, मामी कटाप. हा नियम माझाच. पेशंटमागे दहा मिनिटं वाचतात."

"हुशार आहात," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

मग पॉइंटला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "मी सगळं लिहून दिलंय."

"ते वाचलं. सगळ्यांचं वाचलं. सगळ्यांनी एकत्र बसून घोटल्यासारखं आहे," बाई म्हणाल्या. "डोळ्यांनी पाहिलेलं माणसं एकमेकांशी बोलून सारखं करून घेतात. हाताला लागलेलं तेवढं ज्याचं त्याच्यापाशी राहतं. म्हणून मला फक्त हातांचं सांग. कशाकशाला हात लावलास?"

पॉइंटने आपल्या हातांकडे बघितलं. "सव्वानऊला तंबूची चेन लावली, यंत्र सुरू केलं. एकेचाळीस पॉइंट सहाला बंद करतो मी, वरचे दोन पॉइंट अंग आपोआप घेतं. बंद केलं दहाला."

"पंचेचाळीस मिनिटांत?"

"हो. एरवी दीड तास लागतो. सर म्हणतात यंत्र जास्त गरम मारत होतं. असेल."

"पुढे?"

"आकडा थांबेना. बेचाळीस झाले, बेचाळीस पॉइंट पाच झाले. मला वाटलं बटणच दाबलं गेलं नाही. धावत जाऊन प्लग उपटला. हवेची नळी तंबूतून ओढून काढली."

"कशी लागली नळी?"

"कशी म्हणजे?"

"हाताला, बाबा, हाताला!"

त्याने नळी धरल्यासारखी मूठ वळली. कपाळावर आठ्या पडल्या. "गार," तो म्हणाला. "गारच होती की."

"मग?"

"मग बर्फ. पायाखाली बर्फाच्या पिशव्या सारायला गेलो तर पाय वाकेना. दोन हातांनी जोर लावला. बाई, पाय लाकडासारखा होता. आणि त्या तेव्हा जिवंत होत्या हो. तिकडे नाडीची टिकटिक चालू होती."

बाईंनी त्याला जायला सांगितलं. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "नळी गार होती, फॉर्मताई. प्लग उपटायच्या कितीतरी आधी ते यंत्र बंद होतं."

"मग ताप कुणी चढवला?" मी विचारलं.

३

भूलवाले डॉक्टर आमच्याकडचे सगळ्यात मऊ बोलणारे. पेशंटचा हात हातात घेऊन भूल देणारे. गुरुवारी ते आले आणि बाईंसमोर कॉलेजातल्या मुलासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. बाजूच्या खुर्चीत सर होते, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"हातांचं सांगा," बाई म्हणाल्या.

"पावणेनऊला भूल दिली. स्नायू सैल पडायचं इंजेक्शन दिलं, वरून भुलेचा वायू. घशात नळी घालताना जबडा आवळलेला लागला."

"सैल पडायचं इंजेक्शन दिल्यावर आवळला?"

"होतं कधीकधी. मी थोडं थांबलो, मग नळी गेली."

"आणि काय?"

"चुन्याचा डबा," ते म्हणाले, आणि लगेच म्हटलं नसतं तर बरं असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "तंबू लावत होते तेव्हा माझ्या मशीनवरच्या चुन्याच्या डब्याला हात लागला. चटका बसला."

मला तो डबा माहीत आहे. पेशंटने सोडलेला श्वास त्या डब्यातून जातो आणि डब्यातला चुना श्वासातला दूषित वायू शोषून घेतो; वायू जितका जास्त, तितका चुना तापतो. पेला धरावा तसा हातात धरता येतो तो. कोमट लागतो फार तर.

"खोलीच गरम असते आमची," सर म्हणाले.

"तंबू लावत होते तेव्हा," बाई म्हणाल्या. "म्हणजे यंत्र सुरू व्हायच्या आधी. आणि डबा तंबूपासून सहा हात लांब. त्या डब्यात यंत्राची हवा जात नाही, फक्त पेशंटचा श्वास जातो."

बाई बोटांवर मोजू लागल्या.

"गार नळी, ताठ पाय, आवळलेला जबडा, तापलेला डबा. आणि दीड तासाचं काम पाऊण तासात," बाई म्हणाल्या. "सर, तुमचं यंत्र बाहेरून ऊब देत होतं, पण तिच्या अंगात त्याआधीच दुसरी चूल पेटली होती. काही घराण्यांत हा दोष असतो. एरवी माणूस ठणठणीत. पण ठरावीक वायू आणि ते इंजेक्शन मिळालं की अंगातला एकूणएक स्नायू जळायला लागतो. पुस्तकात मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. मी मुलांना भुलेचा ताप म्हणून शिकवायचे. श्वासातला दूषित वायू आधी वाढतो, ताप मागून येतो. उतारा आहे त्यावर, तुमच्या कपाटातही आहे. छत्तीस बाटल्या. मी बघून आले, सील तसंच आहे."

"कुणाला कसं सुचणार?" भूलवाले डॉक्टर अगदी हळू म्हणाले. "ताप चढतोय म्हणून तर सगळे खूश होते. मीसुद्धा."

"तेच तर. दुसऱ्या कुठल्याही ऑपरेशन थिएटरात ताप एक अंशाने वाढला असता तर तुम्ही बोंब मारली असती, आणि ती वाचली असती. मरायला तिला नेमकी हीच खोली मिळाली." बाईंनी हात पुढे केला. "आता पट्टी द्या. ती वाचून घाबरणारे तुम्ही एकटेच."

डॉक्टरांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून चौघडी केलेली पट्टी. सरांचं तोंड उघडंच राहिलं. पट्टीवर श्वासातल्या वायूची रेघ होती. तंबूची चेन लागायच्या आधीच ती दुपटीला पोचली होती.

"त्या गेल्यावर पट्टी बघितली आणि कळलं," डॉक्टर म्हणाले. "मग माझ्याच्याने ती फाइलला लावून ठेववेना. पॉइंटला भेटून सांगणार होतो. रोज जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो."

"लाज नाही वाटत?" हे मी म्हटलं. मोठ्यांदा म्हटलं.

"वाटते," ते म्हणाले. "पण फॉर्म मी बघितला होता, फॉर्मताई. घरात कुणाला त्रास? नाही. तुमच्याच अक्षरात आहे."

४

सर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शुक्रवारी सकाळी त्यांनी बाईंना सरळ सांगितलं, "तर्क छान आहे. पण हा आजार घराण्यातून येतो म्हणता आणि घराण्यात कुणीच नाही. पट्टीला दुसरीही कारणं सांगता येतील. स्नायूचा तुकडा तपासायचा तर जिवंत माणसाचा लागतो. डब्याचा चटका आणि गार नळी यांवर मी समितीला काय सांगू? यंत्र बिघडलं नाही हे सिद्ध होत नाही तोवर यंत्र चालवणारा सुटत नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "त्या घरातलं एक माणूस दाखवा मला, रक्तातलं, भुलेत गेलेलं. एक." मी फॉर्म पुन्हा वाचला. आई हयात, कधी ऑपरेशन नाही. वडील म्हातारपणाने गेले. भाऊ नाही, बहीण नाही, एकुलती एक. आत्या नाही. मावशीच्या रकान्यात आडवी रेघ. काकू, खोडलेली. पॉइंट बाहेर बाकावरच होता. त्याला मी रोज डबा नेऊन देत होते आणि रोज भरलेला परत आणत होते.

दुपारी चित्रकलेच्या बाईंची आई सामान न्यायला आली. सामान माझ्याच ताब्यात होतं. चष्मा, एक स्वेटर, चपला, खडूंची पेटी. म्हातारी एकटीच आली होती. जावई खाली गाडीत बसला होता, त्याच्याने वर येववेना. तिने एकेक वस्तू हातात घेऊन पिशवीत ठेवली. स्वेटरची घडी मोडून पुन्हा घातली. मी सहीसाठी वही पुढे केली.

"माझ्या नशिबात टेबलावरचीच मरणं लिहिलीत," ती सही करता करता म्हणाली. "आधी धाकटी, आता ही."

मी वही ओढून घेतली. रोजची सवय. सही झाली की वही घ्यायची. मग माझा हात थांबला. एकुलती एक असं फॉर्मवर लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

"धाकटी मुलगी?" मी विचारलं.

"मुलगी कुठली? मला ही एकच. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. घशाच्या गाठी काढायला गेली होती, साधंसं काम. अंग नुसतं फणफणलं. डॉक्टर म्हणाले हृदय कमजोर होतं."

"म्हणजे यांची मावशी," मी म्हटलं. "पण मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मावशी नाही."

"मावशी कधी म्हणालीच नाही ती. माझ्या धाकट्या दिराला दिली होती ना तिला. आम्ही सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. घरातली सगळी पोरं काकू म्हणायची, म्हणून हीसुद्धा काकूच म्हणायची." म्हातारीने पिशवीचे बंद धरले. "का हो?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. मी खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते हे, की हे तिसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. म्हातारी पिशवी घेऊन जाईल आणि संपेल. बावीस वर्षांत माझ्या फॉर्मला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. आणि आश्चर्य म्हणजे हे सगळं मी अगदी शांतपणे मनात मांडत होते, छातीत धडधडसुद्धा नव्हती.

"आजी, बसा जरा," मी म्हटलं. "आधी तुमच्यापुरतं सांगते. तुम्हाला कधीही, कुठल्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली, तर आधी हे सांगायचं. मी लिहून देते. आणि तुमच्या बहिणीची मुलं कुठे असतात?"

मग मी बाईंना बोलवायला गेले.

५

शनिवारी समिती बसली. म्हातारीचा जबाब होता, पट्टी होती, आणि बहिणीच्या मुलाने सकाळीच आईचे जुने कागद आणून दिले होते. त्यात आवळलेला जबडा होता आणि एकेचाळीसचा ताप होता, पिवळ्या पडलेल्या कागदावर, कुणीतरी घाईघाईने लिहिलेला. सरांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. पॉइंटचं नाव कागदांतून निघालं. पट्टी आपणच काढली होती, हे भूलवाल्या डॉक्टरांनी स्वतःहून लेखी दिलं.

बाईंनी मला विचारलं, "अहवालात फॉर्मचं काय लिहू? फॉर्ममधली त्रुटी?"

"फॉर्म काय आपोआप भरतो?" मी म्हटलं. "नियम माझा होता. माझं नाव लिहा. आणि पॉइंटला मी सांगते, कुणाला पाठवू नका."

"सांगा. पण त्याने माफ करावं अशी वाट बघू नका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीच्या आत राहिला.

पॉइंट बाकावरच होता. मी समोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. तुझी चूक नाही, यंत्र बंद होतं, बटण वेळेवर दाबलं होतंस. त्यांची काकू त्यांची मावशी होती. त्यांनी काकू सांगितली आणि मी, दहा मिनिटं वाचवायच्या माझ्या नियमाने, ती खोडली.

तो ऐकत होता. मला वाटलं, आता रडेल, किंवा सुटलो म्हणेल.

"चार दिवस," तो म्हणाला. "चार दिवस माझी बायको मला विचारतेय, खरं सांग, तुझा डोळा लागला होता का? माझी बायको, फॉर्मताई! आणि मी तिला सांगतोय, असेल, लागला असेल. मला आठवतच नव्हतं हो. मी बटण दाबलं हेच मला खरं वाटत नव्हतं. आमच्या धाकट्या पोरीला परवा ताप आला तर मी तिच्या कपाळाला हात लावला नाही. भीती वाटली मला माझ्या हातांची." त्याचा आवाज चढत गेला. वरच्या जिन्यावर दोघंतिघं थांबली. "आणि तुम्ही मला डबे आणून देत होतात! एक प्रश्न विचारायचा होता. एक! काकू माहेरची कोण? एवढं विचारायला काय जीभ झिजत होती का तुमची?"

"नव्हती झिजत," मी म्हटलं.

"दहा मिनिटं वाचतात म्हणे!"

"हो."

"हो काय हो! हो काय!"

तो ओरडत राहिला. मी ऐकत राहिले. आणि मंगळवारपासून जिथे काहीच लागत नव्हतं तिथे एकदम लागायला लागलं. माझ्यासमोर बसून हसत हसत माझं नाक काढणारी बाई मेली होती. तिने मला काकूचं सांगितलं होतं. विचारल्याबरोबर सांगितलं होतं. मी तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडले, आणि पॉइंट काही गप्प बसला नाही, आणि ते बरंच झालं.

शेवटी तो थकला. तोंड पुसलं, पिशवी उचलली.

"आज मला तुमचं तोंड बघवत नाही," तो म्हणाला. "उद्या या घरी. माझ्या बायकोला तुमच्या तोंडाने सांगा."

मंगळवारपासून आमच्या विभागातलं कुणीही, अगदी मीसुद्धा, रस्त्यात दिसलं की त्याची बायको तोंड फिरवत होती, आणि आता काय करेल कोण जाणे. रविवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांची बेल वाजवली.